आजोबांचे फोटो, लिनक्स आणि खराब प्रिंट : कामाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं, कारण गेल्या आठवड्यात जे काही करून बघितलं त्यातलं नेमकं कशामुळे काय झालं ते आता काहीच आठवत नाहीये. काम तसं सरळ आहे. आजोबांचे ४० जुने फोटो स्कॅन करून झालेत, बहुतेक कृष्णधवल, फक्त शेवटचे सहा रंगीत. ते ५ बाय ७ इंचात प्रिंट करून आजीसाठी अल्बम करायचा. तिला आता बारीक दिसत नाही, मूळ फोटो तळहाताएवढे, म्हणून मोठे हवेत.

लॅपटॉपवर लिनक्स, प्रिंटर घरचाच चार शाईंचा इंकजेट, वायफायवर. ड्रायव्हर वगैरे काही टाकावा लागला नाही, कप्सने, म्हणजे लिनक्सवरची छपाई सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने, स्वतःच ओळखला. साधी कागदपत्रं झकास छापतो. पण फोटो छापला की वाट लागते. पहिला फोटो आजोबा सायकलला टेकून उभे असलेला, मागे काळं दार, अंगात पांढरा शर्ट. प्रिंटमध्ये काय काय बिघडलंय ते एकदा नीट मांडते :

शर्टावर आडव्या फिकट पट्ट्या, पट्टीने मोजल्या तर साधारण सारख्याच अंतरावर. सायकलच्या चाकाच्या तारा पायऱ्यापायऱ्यांच्या, स्क्रीनवर मात्र सरळ. दाराचा काळा भाग चिकट, अंगठा फिरवला तर शाई पसरते, अर्ध्या तासानंतरही. आणि एकूणच सगळ्यावर एक मळकट हिरवट छटा.

चार तक्रारी आहेत आणि चारांचं कारण एकच असेल असं धरून मी आठवडाभर एकाच वेळी तीन-तीन सेटिंग बदलत बसले, त्यात फोटो पेपर भरपूर वाया गेला. आता नियम असा की एका प्रिंटमध्ये एकच बदल, आणि प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलीने नंबर, तारीख आणि काय बदललं ते लिहायचं. फोटोही तोच, सायकलवाला. त्याच्या खाली काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी ११ करड्या चौकोनांची पट्टी गिम्प ह्या फोटो एडिटरमध्ये जोडून घेतलीय, म्हणजे छटा कुठे सरकते ते कळेल. पूर्ण कागद घालवायचा नाही, कागद अर्धा कापून त्यावर फोटोचा तेवढा तुकडा.

१२ जानेवारी

लिनक्सला हात लावायच्या आधी प्रिंटर स्वतः धड आहे का ते बघितलं. प्रिंटरच्या पॅनेलवरूनच नोझल चेक काढला, नोझल म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं. हा महत्त्वाचा, कारण ह्यात कॉम्प्युटरचा काही संबंधच येत नाही, प्रिंटर स्वतःच्या मनाने जाळी छापतो. निळ्या म्हणजे सायनच्या जाळीत तीन ठिकाणी रेघा गायब! पिवळा बघायला भिंगाखाली धरावा लागला, तो ठीक. मॅजेंटा, काळा ठीक.

एकदा हेड क्लीनिंग केलं, तीन रेघांपैकी एक आली. दुसऱ्यांदा केलं, फरक नाही. तिसऱ्यांदा केलं नाही. प्रत्येक क्लीनिंगला शाई जाते आणि ती प्रिंटरच्या आतल्या स्पंजात जाऊन बसते, शिवाय लागोपाठ केल्याने हवा ओढली जाऊन उलट आणखी नोझल बंद पडतात. रात्रभर तसाच ठेवायचा, वाळलेली शाई ओलाव्याने सुटू द्यायची.

दरम्यान सायकलवाला फोटो फोनवर पाठवून फोनवरून थेट प्रिंट दिली, फोनमध्ये कागद म्हणून ग्लॉसी फोटो पेपर निवडला. पट्ट्या आल्या पण चाकाच्या तारा स्वच्छ, काळं दार कोरडं! मागे लिहिलं : क्रमांक २, फोनवरून. ही प्रिंट जपून ठेवायची.

म्हणजे पट्ट्या प्रिंटरच्या, पण पायऱ्या आणि चिकट काळा रंग ह्या दोन गोष्टी लॅपटॉपकडून येतायत. ही वाटणी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. ज्या कुणाला असाच त्रास असेल त्यांना कळकळीने सांगते, आधी दुसऱ्या कुठल्यातरी यंत्रावरून तीच फाइल त्याच कागदावर छापून बघा, अर्ध्याहून जास्त शक्यता तिथेच बाद होतात.

१३ जानेवारी

सकाळी पुन्हा नोझल चेक, जाळी पूर्ण. मग हेड अलाइनमेंट केली, प्रिंटर एक नमुना छापतो आणि त्यातली सर्वात सरळ दिसणारी रेघ आपण निवडायची. हेड डावीकडून उजवीकडे जाताना आणि परत येताना दोन्ही वेळा शाई सोडतं, त्या दोन फेऱ्या जुळल्या नाहीत तर कडा दुहेरी दिसतात. माझ्याकडे थोडा फरक होता, सुधारला.

क्रमांक ३, लॅपटॉपवरून : शर्टावरच्या पट्ट्या जवळजवळ गेल्या. बाकी तिन्ही तक्रारी जशाच्या तशा.

१५ जानेवारी

आज कप्सच्या मागे लागले. टर्मिनलमध्ये एलपीस्टॅट हायफन व्ही (प्रिंटरांची यादी देणारी कमांड) दिलं तर एका प्रिंटरच्या जागी दोन नावं! एक लांबलचक, प्रिंटरच्या मॉडेलच्या नावाचं, ते कप्स-ब्राउज्डने नेटवर्कवर बघून आपोआप बनवलेलं. दुसरं मीच कधीतरी सेटिंगमध्ये जाऊन जोडलेलं. कप्समध्ये अशा प्रत्येक नावाला रांग म्हणतात. यंत्र एकच, रांगा दोन, आणि दोन्हींच्या सेटिंग वेगळ्या. गेल्या आठवड्यात मी एका रांगेत बदल करत होते आणि प्रिंटच्या खिडकीत निवडलेली असायची दुसरी. तरीच काही केल्या फरक पडत नव्हता.

मग एलपीऑप्शन्स हायफन पी, पुढे रांगेचं नाव, शेवटी हायफन एल. ह्याने त्या रांगेचे सगळे पर्याय दिसतात आणि सध्या जो चालू आहे त्याच्या आधी फुली म्हणजे तारा असतो. मीडिया टाइपच्या ओळीत तारा स्टेशनरीवर. म्हणजे प्रिंटरच्या मते आत साधा कागद आहे. आणि प्रिंट क्वालिटीच्या ओळीत तारा नॉर्मलवर.

चिकट काळ्या रंगाचं कोडं इथेच सुटलं. माझ्या प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची आहे, बाकी तीन रंग डायचे, म्हणजे विरघळलेल्या रंगाचे. पिगमेंट म्हणजे बारीक कण, ते साध्या कागदाच्या धाग्यांवर छान बसतात, अक्षरं गडद येतात. पण चकचकीत फोटो पेपरच्या लेपात ते शिरत नाहीत, वरच तरंगत राहतात. म्हणून कागद फोटोचा आहे असं सांगितलं की प्रिंटर ती काळी शाई बाजूला ठेवतो आणि तीन रंग मिसळून काळा तयार करतो. मी कागद फोटोचा घातला होता पण सांगितलंच नव्हतं, त्यामुळे तो इमानदारीत साध्या कागदाची शाई ओतत होता, आणि साध्या कागदाला लागते तेवढी भरपूर.

फक्त मीडिया टाइप बदलला, फोटोग्राफिक-ग्लॉसी केला. क्वालिटीला मुद्दाम हात लावला नाही, नियम म्हणजे नियम. क्रमांक ४ : दार कोरडं! दोन मिनिटांत बोट फिरवलं, काही लागलं नाही. काळा थोडा कमी खोल वाटतो पण त्यात आता दाराच्या फळ्या दिसतायत, आधी सगळा एक काळा गोळा होता.

दोन रांगांचा बंदोबस्तही केला. आपोआपवाली काढून टाकली तर थोड्या वेळाने परत हजर, कारण कप्स-ब्राउज्ड ती पुन्हा बनवतं. शेवटी ती सेवाच बंद केली, मला तिची गरज नाही, आणि माझी जुनी रांग पण पुसून एकच नवी केली. एलपीअ‍ॅडमिन, हायफन पी पुढे नाव फोटोघर, मोठं ई म्हणजे चालू कर, हायफन व्ही पुढे प्रिंटरचा आयपीपीने सुरू होणारा पत्ता, आणि हायफन एम पुढे एव्हरीव्हेअर. हे एव्हरीव्हेअर म्हणजे ड्रायव्हरशिवायची पद्धत, कप्स प्रिंटरलाच विचारतो की तुला काय काय जमतं आणि त्यावरून पर्यायांची यादी बनवतो. काही अ‍ॅप्सच्या प्रिंटच्या खिडकीत लांब नाव अजूनही दिसतं, कारण कप्सला नेटवर्कवर प्रिंटर दिसला की तो तात्पुरती रांग तयार ठेवतो. पण आता फोटोघर हे नाव डोळ्यांना लगेच सापडतं.

एक लक्षात ठेवायचं : एलपीऑप्शन्स साध्या युजरने चालवलं की बदल त्या युजरच्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या कप्स फोल्डरात जातो, सुडो लावून म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवलं की सगळ्या मशीनसाठी इटीसीतल्या कप्स फोल्डरात. दोन्ही ठिकाणी वेगळं लिहिलेलं असेल तर युजरचं चालतं. माझ्या होममधल्या फाइलमध्ये जुन्या प्रयोगांच्या चार ओळी पडलेल्या होत्या, सगळ्या काढल्या.

१८ जानेवारी

चाकाच्या तारा. हा भाग मला सगळ्यात आवडला, म्हणून सविस्तर लिहितेय.

भिंगाखाली क्रमांक २ म्हणजे फोनवाली आणि क्रमांक ४ शेजारी शेजारी ठेवल्या. फोनवालीत तारा बारीक ठिपक्यांच्या पण सरळ. माझ्यात पायऱ्या, आणि त्या पायऱ्या शाईच्या ठिपक्यांपेक्षा कितीतरी मोठ्या, एकेका पायरीत ठिपक्यांचा पुंजका. प्रिंटर बारीक छापतोय पण त्याला चित्रच जाडंभरडं मिळतंय असं दिसलं. मग कोण जाडंभरडं करतंय, मधली कुठली कडी?

कप्स छापलेल्या कामाची फाइल काही काळ जपून ठेवतो, मुद्दाम बदललं नसेल तर एक दिवस. व्हार, स्पूल, कप्स ह्या फोल्डरात असतात, बघायला सुडो लागतो. सी ने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये कामाची माहिती, डी ने सुरू होणाऱ्यात खरा मजकूर. माझं काम २१४ नंबरचं, म्हणून डी००२१४-००१. फाइल कमांडने विचारलं तर पीडीएफ निघाली. म्हणजे अ‍ॅपने कप्सच्या हातात नेमकं काय दिलं ते इथे जसंच्या तसं पडलेलं असतं, प्रिंटरकडे जायच्या आधीचं.

ती कॉपी करून घेतली आणि पीडीएफइमेजेस हायफन लिस्ट चालवलं. हे पॉपलरच्या टूल्समध्ये येतं, पीडीएफमधल्या प्रत्येक चित्राची रुंदी, उंची, आणि कागदावर ते इंचाला किती पिक्सेल पडेल ते सांगतं. माझा स्कॅन १५०० बाय २१०० पिक्सेलचा आहे, मूळ अडीच बाय साडेतीन इंचाचा फोटो ६०० डीपीआयने म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांनी स्कॅन केलेला. ५ बाय ७ ला तो बरोबर इंचाला ३०० यायला हवा. आणि पीडीएफमध्ये होता ७५० बाय १०५०, इंचाला १५०. चार पिक्सेलमधले तीन वाटेतच गेले!

म्हणजे कप्स नाही, ड्रायव्हर नाही, प्रिंटर नाही. मी फोटोखाली ओळ लिहायची म्हणून लिबरऑफिसच्या रायटरमध्ये पान लावून तिथून प्रिंट देत होते. लिबरऑफिसच्या टूल्स, ऑप्शन्स, प्रिंट ह्या पानावर रिड्यूस बिटमॅप्स नावाचा चौकोन आहे, माझ्याकडे त्यावर टिक होती आणि आकडा १५०. बहुतेक पूर्वी कधीतरी भलीमोठी फाइल लवकर छापावी म्हणून मीच ठेवलं असेल. टिक काढली.

क्रमांक ५ : तारा सरळ! आई खोलीत आली होती, तिला दोन्ही प्रिंट दाखवल्या, काही न सांगता. तिने माझ्यापेक्षा आधी दुसरंच काहीतरी बघितलं. म्हणाली, "अगं, ह्यात बाबांच्या घड्याळाचे काटे दिसतायत." मी घड्याळाकडे बघितलंच नव्हतं एवढे दिवस. पावणेपाच वाजलेत.

१९ जानेवारी

सगळ्या ४० फाइल्सचे पिक्सेल तपासले, आयडेंटिफाय कमांडने एका झटक्यात यादी येते. ५ बाय ७ ला १५०० बाय २१०० असले की काळजी नाही, १००० बाय १४०० पर्यंत म्हणजे इंचाला २०० पर्यंत हातात धरून बघायला चालतात. त्याखाली मऊ दिसतात.

३१ फोटो पूर्ण ठीक. पाच चालतील असे. चार मात्र मामाने मेसेजवरून पाठवलेले, त्यातला सर्वात छोटा ६०० बाय ८०० सुद्धा नाही. हे लिनक्सच्या कुठल्याही सेटिंगने सुधारणार नाहीत, मेसेजिंग अ‍ॅप पाठवताना फोटो लहान करतं आणि गेलेला तपशील परत येत नाही. मामाला कळवलंय की मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठव, किंवा फोटोच दे, मी स्कॅन करते.

एक पासपोर्ट साइजचा फोटो आहे, ३५ बाय ४५ मिलीमीटर. तो १२०० डीपीआयने पुन्हा स्कॅन केला, १६५४ बाय २१२६ पिक्सेल मिळाले, ५ बाय ७ च्या प्रमाणात कापला तरी इंचाला ३०० भरतात. पण भिंगाने बघितलं तर त्या छोट्या कागदावरच तेवढा तपशील नाही, १२०० ला कागदाचे कण स्पष्ट दिसतात, चेहरा नाही. तो फोटो पूर्ण पानावर न ताणता मधोमध लहानच ठेवायचा.

आणि प्रिंटरच्या खोक्यावर असतो तो ४८०० वगैरे डीपीआयचा आकडा वेगळा. तो शाईचे थेंब किती जवळ ठेवता येतात त्याचा. करड्या रंगाची एक छटा दाखवायला सुद्धा बरेच थेंब शेजारी शेजारी टाकावे लागतात. त्यामुळे स्कॅन ४८०० ने करायचा काही उपयोग नाही, मी सुरुवातीला दोन तसे केले होते आणि फाइल्स उघडता उघडेनात.

२२ जानेवारी

क्वालिटीचा पर्याय राहिला होता. आधी सध्या खरंच काय होतंय ते बघितलं. कप्ससीटीएल ला डीबग लॉगिंग चालू कर म्हणून सांगितलं आणि एक प्रिंट दिली. व्हार, लॉग, कप्स मधल्या एरर लॉगमध्ये शेकडो ओळी येतात, घाबरायचं नाही, त्यात घोस्टस्क्रिप्टची कमांड शोधायची. पीडीएफचं ठिपक्यांत रूपांतर माझ्याकडे तो करतो. त्या लांब ओळीत आर (म्हणजे रेझोल्यूशन, इंचाला किती ठिपके) नंतर ३०० गुणिले ३०० लिहिलं होतं.

मग प्रिंटरला विचारलं. आयपीपीटूल नावाचं टूल आहे, त्याला प्रिंटरचा पत्ता आणि गेट-प्रिंटर-अ‍ॅट्रिब्यूट्सची तयार टेस्ट फाइल दिली की प्रिंटर स्वतःबद्दल सगळं सांगतो. रेझोल्यूशन ३०० आणि ६०० दोन्ही. क्वालिटी ३, ४, ५ म्हणजे ड्राफ्ट, नॉर्मल, हाय. रंगासाठी एसग्रे (करड्या छटा) आणि एसआरजीबी (नेहमीचे रंग), दोन्ही आठ बिटचे. ही शेवटची गोष्ट बाजूला लिहून ठेवली, रंगाच्या वेळी लागेल.

प्रिंट-क्वालिटी=५ केलं, लॉगमध्ये आर ६०० झालं. क्रमांक ६. खरं सांगायचं तर फोटोत फरक थोडाच, शर्टाच्या सावलीतले ठिपके जरा कमी दिसतात. खालच्या ओळीतली अक्षरं मात्र कोरल्यासारखी. वेळ दुपटीहून जास्त लागतो. ठेवायचं. डीबग लॉगिंग आठवणीने बंद केलं, नाहीतर लॉग फुगत राहतो.

२५ जानेवारी

आता रंग. आधी रंगीत सहा फोटो घेतले, कारण ते सोपे वाटले. त्यातले दोन मावसभावाने कॅमेऱ्याने फोटोचा फोटो काढून दिलेले, आणि ते प्रिंटमध्ये फिके, आईची लाल साडी विटकरी. फाइलमध्ये बघितलं तर रंगाचं प्रोफाइल, म्हणजे फाइलमधले आकडे कुठल्या मोजपट्टीने वाचायचे ते सांगणारी चिठ्ठी, अडोबी आरजीबी. आणि प्रिंटर तर परवा म्हणाला होता की मला एसआरजीबी कळतं. तेच आकडे दुसऱ्या मोजपट्टीने वाचले की रंग फिके पडतात, कारण अडोबी आरजीबीचा आवाका मोठा आहे, त्यातला मध्यम आकडा म्हणजे बऱ्यापैकी भडक लाल, एसआरजीबीत तोच आकडा सौम्य.

गिम्पमध्ये इमेज, कलर मॅनेजमेंट, तिथे दोन पर्याय शेजारी आहेत आणि ह्यात गल्लत होते : असाइन केलं की आकडे तेच राहतात, फक्त वरची चिठ्ठी बदलते. कन्व्हर्ट केलं की रंग तोच ठेवून आकडे बदलतात. इथे कन्व्हर्ट हवं. केलं, साडी लाल आली.

२६ जानेवारी

कृष्णधवल फोटोंची हिरवट छटा. आजीला क्रमांक ६ दाखवायला नेला होता, एवढा स्वच्छ आला म्हणून कौतुकाने. तिने बराच वेळ हातात धरला, खिडकीपाशी नेला आणि म्हणाली, "ह्यांचा हा शर्ट पांढरा होता गं. हिरवट कसा दिसतोय?" तिला बारीक दिसत नाही पण हे दिसलं.

परत येऊन जपून ठेवलेली क्रमांक २ काढली, फोनवाली. तिच्यातही तीच छटा आहे, तेव्हा पट्ट्यांच्या नादात माझं लक्ष गेलं नव्हतं. म्हणजे हा दोष लिनक्सचा नाही. प्रिंटर करडा रंग तीन रंगांच्या शाईतून बनवतो आणि ह्या कागदावर त्यांचा तोल किंचित ढळतो. प्रिंटरमध्ये आतमध्ये जी गणितं आहेत ती दुसऱ्या कागदासाठी बसवलेली असणार.

पर्याय तीन दिसले, तिन्ही करून बघितले.

पहिला, प्रिंट-कलर-मोड=मोनोक्रोम. छटा कमी झाली पण गेली नाही, कारण फोटो पेपर म्हटल्यावर पिगमेंट काळा वापरायचा नाही म्हणजे करडा पुन्हा रंगांतूनच. कागद साधा आहे असं सांगून मोनोक्रोम दिलं तर एकट्या काळ्या शाईने छापतो, छटा शून्य, पण गालावर वाळू टाकल्यासारखे ठिपके, आणि चिकटपणा परत. नाही.

दुसरा, गुटेनप्रिंट ह्या मोफत ड्रायव्हर-संचातला ड्रायव्हर. त्यात डेन्सिटी, गॅमा, प्रत्येक शाईचं प्रमाण, सगळं हाताने बदलता येतं, जुन्या प्रिंटरसाठी अजूनही फार कामाचा. रांग जोडताना कप्सने सूचना दिली की प्रिंटर ड्रायव्हर ही पद्धत आता मागे पडतेय आणि पुढच्या एखाद्या आवृत्तीत चालणार नाही. आज चालतंय, पण माझं मॉडेल त्यात नेमकं नाही, जवळचं घेतलं तर काळा भाग निळसर. दोन तास दिले आणि सोडलं.

तिसरा, प्रिंटर जितका हिरवा करतो तितका आपण चित्रातच आधी उलटा ढकलायचा. खरी पद्धत म्हणजे मोजायचं यंत्र घेऊन ह्याच कागदाचं आयसीसी प्रोफाइल (ह्या प्रिंटरवर ह्या कागदावर रंग कसे उमटतात त्याची नोंद) बनवायचं, आर्जिल नावाचं मोफत सॉफ्टवेअर लिनक्सवर ते सगळं करतं, पण यंत्र माझ्याकडे नाही. म्हणून डोळ्यांनी. कृष्णधवल फाइल आधी आरजीबी मोडमध्ये नेली, कलर बॅलन्समध्ये मिडटोनला हिरव्याकडून मॅजेंटाकडे २, ४, ६, ८ असे चार तुकडे केले, चारही एकाच कागदावर शेजारी शेजारी, खाली तीच करडी पट्टी.

छापल्या छापल्या ४ बरोबर वाटला. रात्रभर वाळू दिलं.

२७ जानेवारी

सकाळी ६ बरोबर वाटतोय! डायची शाई वाळताना रंग थोडा सरकतो, ओल्या प्रिंटवरून ठरवायचं नाही. आणि संध्याकाळी दिव्याखाली परत ४ आणि ६ च्या मध्ये. शाईंच्या मिश्रणाने केलेला करडा वेगवेगळ्या उजेडात वेगळा दिसतो, त्याला इलाज नाही. आजी दिवसा खिडकीत बसून बघणार, तिथे अल्बम उघडणार, म्हणून खिडकीचा उजेड प्रमाण मानला. ५ छापला, वाळवला, ५ च ठेवला. मॅजेंटाबरोबर अगदी थोडा पिवळा वाढवून किंचित उबदारही केला. मूळ फोटोही तसेच आहेत, काळाने पिवळसर झालेले, आणि उबदार छटेत उजेड बदलल्याचा फरक कमी जाणवतो.

अजून एक, प्रिंट स्क्रीनपेक्षा काळपट येतात असं वाटत होतं ते स्क्रीन फार उजळ ठेवल्यामुळे. रात्री काम करताना ब्राइटनेस अर्ध्याच्याही खाली आणला, शेजारी पांढरा कागद धरून स्क्रीनवरचा पांढरा त्याच्याइतका दिसेल असा. आता स्क्रीन आणि कागद बऱ्यापैकी जुळतात.

१ फेब्रुवारी

सगळ्या सेटिंग दर वेळी हाताने नको म्हणून कप्सची एक छान सोय वापरली, एकाच रांगेचं दुसरं नाव. एलपीऑप्शन्स हायफन पी फोटोघर, तिरपी रेघ, अल्बम, आणि पुढे हायफन ओ लावून एकेक : कागद ५ बाय ७, मीडिया-टाइप फोटोग्राफिक-ग्लॉसी, क्वालिटी ५, प्रिंट-स्केलिंग नन. आता फोटोघर-तिरपी रेघ-अल्बम म्हटलं की फोटोची सेटिंग, नुसतं फोटोघर म्हटलं की साधा कागद. वीजबिल छापताना चुकून फोटोची शाई जात नाही.

स्केलिंग नन का, तर पानं मी आधीच बरोबर ५ बाय ७ ची करते. ऑटोवर ठेवलं होतं तेव्हा पानाला बसवायच्या नादात तो चित्र थोडं लहान-मोठं करत होता. बॉर्डरलेस पण बघितलं, त्यात पांढरी कड राहू नये म्हणून प्रिंटर चित्र कागदाच्या थोडं बाहेर जाईल इतकं मोठं करतो, एका ग्रुप फोटोत कडेला उभ्या असलेल्या काकांचा खांदा कापला गेला. म्हणून पांढरी कड ठेवलीय, अल्बमच्या कोपऱ्यांतही ती बरी बसते.

पानं रायटरमधून पीडीएफ करते, एक्स्पोर्टच्या खिडकीत लॉसलेस कॉम्प्रेशन निवडून आणि रिड्यूस इमेज रेझोल्यूशनची टिक काढून. मग छापायच्या आधी पीडीएफइमेजेस हायफन लिस्ट, सगळ्या ओळींत ३०० च्या आसपास दिसलं की एलपी ह्या छापायच्या कमांडने पाठवायचं.

आज १४ झाले. दर दहा प्रिंटनंतर एक नोझल चेक, साध्या कागदावर. प्रत्येक प्रिंट वेगळी पसरून वाळवतेय, एकावर एक नाही, टेबल पुरेना म्हणून पलंगावर पण मांडल्यात.

२ फेब्रुवारी

आणखी २२. एकोणतिसाव्याला पट्टी दिसली, थांबून नोझल चेक केला, मॅजेंटात एक रेघ गायब, एका क्लीनिंगमध्ये आली. तो एकच पुन्हा छापला.

३६ तयार. सायकलवाला पहिल्या पानावर.

५ फेब्रुवारी

मामाने चारपैकी तीन मूळ फोटो आणून दिले, आज ६०० ने स्कॅन करून छापले. चौथा, आजी-आजोबा एकत्र असलेला, त्याच्याकडे पण नाही, त्याच्याकडे फोनवर आलेलाच होता. आई म्हणतेय की तिच्या मावशीच्या जुन्या पेटीत एक प्रत असायची, रविवारी जाऊन बघणार आहे. अल्बममध्ये शेवटून दुसरं पान त्याच्यासाठी रिकामं ठेवलंय, खालची ओळ छापून झालीय.